प्रणाली विश्लेषकाची पारख : आरक्षणाच्या वहीपासून मुलाखतीच्या टेबलापर्यंत

संगणक येण्यापूर्वी रेल्वे आरक्षण कार्यालयांत प्रत्येक गाडीच्या जागांची नोंद जाडजूड वह्यांत होत असे. ज्या खिडकीवर वही, त्याच खिडकीवर त्या गाडीचे तिकीट. १९८५-८६ मध्ये नवी दिल्लीत सीएमसी या सरकारी कंपनीने घडवलेली संगणकीय आरक्षण प्रणाली सुरू झाली आणि ही व्यवस्था हळूहळू इतिहासजमा झाली.

या कामात यंत्र बसवण्याइतकेच अवघड होते ते नियम उलगडणे. महिलांचा कोटा, मधल्या स्थानकांचा कोटा, निरनिराळ्या सवलती, प्रतीक्षायादी, आरएसी, रद्द तिकिटांचा परतावा, या साऱ्यांचे नियम एकमेकांत गुंतलेले. असे नियम काही अंशी परिपत्रकांत असतात, तर काही अंशी कारकुनाच्या हाताच्या सवयीत. संगणकाला मात्र सवय कळत नाही; त्याला प्रत्येक नियम स्पष्ट सांगावा लागतो. तो नियम माणसांकडून काढून घेऊन यंत्राला कळेल अशा रूपात मांडणारा तो प्रणाली विश्लेषक, म्हणजेच सिस्टीम अ‍ॅनालिस्ट.

या व्यवसायाचे मूळ शोधता एका ब्रिटिश चहागृहाच्या कंपनीपाशी पोहोचावे लागते. जे. लायन्स अँड कंपनीने १९५१ मध्ये ‘लिओ’ हा संगणक कार्यालयीन कामासाठी वापरात आणला. तेथील डेव्हिड कॅमिनर यांना अनेक जण जगातील पहिला प्रणाली विश्लेषक मानतात. ते मूळचे गणितज्ञ वा यंत्रतज्ज्ञ नव्हते. कंपनीचे कार्यालयीन व्यवहार आतून जाणणारे व्यवस्थापक होते.

पुढे निवडीची वाट बदलली. १९५५ च्या सुमारास आयबीएमने प्रोग्रॅमरसाठी कलचाचणी आणली. अंकमालिका, आकृत्यांतील साम्य, अंकगणिती कोडी असे तिचे स्वरूप होते. १९६६ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात प्रोग्रॅमरांच्या आवडीनिवडी तपासल्या गेल्या, तेव्हा माणसांत मिसळण्याची नावड हे त्यांचे एक ठळक वैशिष्ट्य म्हणून नोंदले गेले. कोडी सोडवणारा एकांतप्रिय माणूस ही प्रतिमा तेथून दृढ झाली. प्रणाली विश्लेषकाला मात्र ही प्रतिमा अपुरी पडते, कारण त्याचे निम्मे काम माणसांशी बोलण्याचेच असते.

भारतात ‘टिफ्रॅक’ हा स्वदेशी संगणक १९६० मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्यान्वित झाला, तर १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस उभी राहिली. तिची धुरा सांभाळणारे फकीरचंद कोहली हे विद्युत अभियंते. वीजपुरवठ्याच्या क्षेत्रातून ते येथे आले. संगणकशास्त्राच्या पदव्या दुर्मीळ असलेल्या त्या काळात अन्य शाखांतील पदवीधर घेऊन त्यांना घडवण्यावाचून पर्याय नव्हता. उमेदवाराला काय येते यापेक्षा तो काय शिकू शकेल, हा प्रश्न त्यामुळे मोलाचा ठरला.

आजही या पदासाठी मुलाखत घेणारा जाणकार व्यवस्थापक हेच शोधतो. प्रोग्रॅमिंगची भाषा, डेटाबेस, आकृत्या काढण्याचे तंत्र ही पहिली पायरी झाली. खरी कसोटी लागते ती अर्धवट प्रश्न समोर ठेवल्यावर. ‘ग्रंथालयासाठी प्रणाली बनवा’ असे सांगताच एक उमेदवार तक्ते आखू लागतो. दुसरा विचारतो, ‘पुस्तक हरवले तर आज काय करतात? तो निर्णय कोण घेते?’ पारखी नजर दुसऱ्यावर थांबते. नावडती गोष्ट वरिष्ठांना सांगण्याचे धैर्य, ऐकलेले लिहून पुन्हा पडताळण्याची शिस्त आणि चूक कबूल करण्याची तयारी हे गुण त्याच प्रश्नाच्या मागोमाग दिसू लागतात.

विद्यार्थ्यांनी यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. प्रोग्रॅमिंगच्या भाषा दर काही वर्षांनी बदलतात. खिडकीमागे बसलेल्या कारकुनाला नेमका प्रश्न विचारण्याची कला मात्र तेव्हाही लागत होती आणि आजही लागते. तो प्रश्न विचारायचा राहिला, तर निर्दोष चालणारा प्रोग्रॅमही खिडकीपुढच्या प्रवाशाला चुकीचेच उत्तर देतो.