मोका पॉटची निगा आणि दुरुस्ती

कॉफी म्हणजे गरम दुधात ढवळलेली झटपट पूड, ही समजूत शहरी घरांतून हळूहळू मागे पडत आहे. अनेक ओट्यांवर आता मोका पॉट नावाचे अष्टकोनी, कमरेत बारीक असे अॅल्युमिनियमचे भांडे दिसू लागले आहे. मात्र हौसेने आणलेले हे भांडे काही महिन्यांत माळ्यावर जाते, असाही अनुभव येतो. ‘कॉफी कडू होते’, ‘मधूनच पाणी गळते’, ‘वर काही चढतच नाही’ या नेहमीच्या तक्रारी. यातील बहुतेक दोष रबरी रिंग, चुकीची पूड किंवा मोठी आच यांमुळे उद्भवतात आणि घरच्या घरी दूर करता येतात. एका दोषाकडे मात्र दुर्लक्ष करणे धोक्याचे ठरते. तो म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्हचा.

उत्तर इटलीतील क्रुसिनालो येथे कारखाना असलेल्या अल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ मध्ये हे भांडे बाजारात आणले. येमेनमधील मोखा या कॉफीच्या जुन्या बंदरावरून त्याला नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचा मुलगा रेनातो यांनी जाहिरातींच्या बळावर ते इटलीच्या घराघरांत नेले. २०१६ मध्ये रेनातो यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या अस्थी मोठ्या आकाराच्या मोका पॉटमध्येच ठेवण्यात आल्या होत्या!

मोका पॉटची रचना समजली की निम्मी दुरुस्ती झाली. खालच्या भांड्यात पाणी, त्यात बसणाऱ्या नरसाळ्यासारख्या चाळणीत कॉफीची पूड आणि वर तयार कॉफी साठवणारे भांडे, असे तीन भाग असतात. वरच्या भागाच्या बुडाशी एक सपाट जाळी आणि तिला धरून ठेवणारी रिंग असते. आचेवर खालच्या भांड्यातील हवा व वाफ प्रसरण पावते आणि पाण्याला नळीतून वर ढकलते. हा दाब साधारण एक ते दोन बार, तर उपाहारगृहातील एस्प्रेसो यंत्राचा सुमारे नऊ बार असतो. त्यामुळे मोका पॉटच्या कॉफीवर दाट साय धरत नाही. तो भांड्याचा दोष नव्हे.

कडवटपणाचे मूळ बहुधा आचेत असते. आपल्या शेगडीच्या बर्नरवर हे लहान भांडे डुगडुगते आणि बुडाबाहेर आलेली ज्योत मुठीला लागून ती वितळते. लहान बर्नर, मंद आच आणि चहाच्या छोट्या पातेल्यासाठी वापरतात तशी जाळी, एवढे पुरेसे आहे. झाकण उघडे ठेवून पाहावे. कॉफीची धार फिकट होऊन गुरगुर सुरू होते, तेव्हा खालचे पाणी संपत आलेले असते आणि पुडीतून वाफ जाऊ लागते. त्याच क्षणी भांडे उतरवावे. गुरगुर थांबेपर्यंत वाट पाहणाऱ्याला जळकट कॉफीच मिळणार. आणखी एक घोटाळा मापाचा. ‘तीन कपी’ पॉटमधील कप सुमारे ५० मिलिलिटरचा असतो, म्हणजे त्यातून आपला एकच मग भरतो. कमी कॉफी हवी म्हणून अर्धेच पाणी व अर्धीच पूड घालण्यापेक्षा लहान पॉट घेणे इष्ट.

पाणी सांध्यातून गळत असेल, तर प्रथम चाळणीच्या काठावर सांडलेली पूड पुसावी आणि आटे घट्ट बसले आहेत का, ते पाहावे. आवळताना मुठीला धरून जोर देऊ नये; मूठ निखळते. एवढे करूनही गळती थांबली नाही, तर रिंग बदलावी. नखाने दाबली असता कडक लागणारी किंवा चिरा पडलेली रिंग निकामी समजावी. चमच्याच्या दांड्याने ती अलगद उचकटली की मागची जाळी निघते. जाळी उजेडासमोर धरून बुजलेली छिद्रे सुईने मोकळी करावीत, मग आधी जाळी व त्यावर नवी रिंग बसवावी. कुकरप्रमाणेच येथेही रिंग मापाची लागते. जुनी रिंग सोबत नेल्यास चूक होत नाही.

कॉफी वर चढत नसेल, तर पूड तपासावी. ती रव्यापेक्षा बारीक, पण पिठासारखी नसावी आणि चाळणीत दाबून भरू नये. दक्षिणी फिल्टरसाठी मिळणारी चिकोरीमिश्रित पूड भिजल्यावर घट्ट बसते व वाट अडवते. चिकोरीविरहित पूड थोडी जाडसर दळून घ्यावी.

वाट अशी अडली की वाढलेला दाब सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो. खालच्या भांड्याच्या कडेला असलेला हा पितळी रंगाचा खिळा म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. अनेक कुकरमधील सुरक्षा-झडप वितळून एकदाच निकामी होते व ती बदलावीच लागते. मोका पॉटच्या व्हॉल्व्हमध्ये मात्र स्प्रिंग असते. क्षार साचून ती आतल्या आत जाम झाली, तरी बाहेरून काही कळत नाही. बोअरवेलचे कठीण पाणी वापरणाऱ्या घरांत ही शक्यता अधिक. म्हणून पाणी नेहमी व्हॉल्व्हच्या खालच्या पातळीपर्यंतच भरावे. ज्या व्हॉल्व्हमध्ये मधली कांडी दिसते, ती अधूनमधून बोटाने हलवून पाहावी. आतील पांढऱ्या थरासाठी पाण्यात थोडा व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिड घालून, पूड न घालता पॉट एकदा चालवावा व नंतर साध्या पाण्याने पुन्हा चालवावा. तरीही कांडी हलली नाही, तर व्हॉल्व्ह बदलावा आणि तोवर पॉट शेगडीवर चढवू नये. व्हॉल्व्हमधून फुसफुस सुरू झाली, तर लगेच गॅस बंद करावा आणि भांडे पूर्ण थंड होईपर्यंत आटे उघडू नयेत. गळतो म्हणून व्हॉल्व्ह एम-सीलने बुजवणे हा तर निव्वळ अविचार होय.

सफाईबाबत मतभेद आहेत. आतला तपकिरी थर चव वाढवतो, असे मानणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात तो साचलेल्या तेलाचा थर असतो व कालांतराने खवट होतो. रोज गरम पाणी व मऊ फडके पुरते. डिशवॉशरमध्ये अॅल्युमिनियम काळे पडते आणि तारेच्या घासणीने ओरखडे उमटतात, म्हणून दोन्ही टाळावे. धुतल्यावर भाग सुटे करून कोरडे ठेवावेत; ओला पॉट बंद करून ठेवल्यास बुरशी धरते. इंडक्शनवर अॅल्युमिनियमचा पॉट तापत नाही. त्यासाठी इंडक्शनला चालणाऱ्या बुडाचा स्टीलचा पॉट घ्यावा लागतो. खरेदीच्या वेळीच त्याच मापाच्या दोन जादा रिंगा मागून घ्याव्यात.