पावणेअठ्ठ्याण्णव टक्के

धनिकांपासून अधिक कर घ्यावा, हें तत्त्व कोणाहि सरकारास पटवून द्यावें लागत नाहीं; तो पदरांत कसा पाडावा येथेंच सारें घोडें अडतें. स्वतंत्र भारताचा या बाबतींतील इतिहास मोठा उद्बोधक आहे.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर यांनीं १९५६ सालीं भारत सरकारास एक योजना सादर केली. प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ४५ टक्क्यांवर उतरवावा, आणि त्याच्या जोडीस संपत्ति, भांडवली नफा, देणगी व खर्च यांवरहि कर बसवावे. म्हणजे एका हिशेबांत दडविलेली रक्कम दुसऱ्यांत उघडी पडेल, असा तिचा आशय होता. सरकारनें नवे कर स्वीकारले. दर मात्र तितका खालीं आणला नाहीं. वैद्यानें औषध बदलून द्यावें, आणि रोग्यानें जुनें व नवें दोन्ही घ्यावीं, तशांतलाच हा प्रकार!

१९७१ च्या अर्थसंकल्पांत हा दर कळसास पोंचला. यशवंतराव चव्हाण तेव्हां अर्थमंत्री होते. दोन लाख रुपयांवरील प्राप्तीवर ८५ टक्के कर व त्या करावर १५ टक्के अधिभार, मिळून ९७.७५ टक्के! वरच्या प्रत्येक शंभर रुपयांतून मिळविणाराच्या हातीं सव्वादोन रुपये राहावयाचे, संपत्तिकर निराळाच. आतां याची दुसरी बाजू पाहावी. शंभर रुपये दडविणारास पावणेअठ्ठ्याण्णव रुपयांचा लाभ होई. ज्या कायद्यानें प्रामाणिकपणाचें मोल सव्वादोन रुपये ठरविलें, त्यानें लबाडीस जणूं इनामच लावून दिलें, असें मला वाटतें.

माजी सरन्यायाधीश वांच्छू यांच्या समितीनें त्याच वर्षाच्या अखेरीस हेंच निदान केलें, आणि अधिभार धरून ७५ टक्क्यांची मर्यादा सुचविली. १९७४ सालीं चव्हाणांनींच तो दर ७७ टक्क्यांवर आणला. चढविणारा व उतरविणारा हात एकच होता, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनीं फारशी ध्यानांत घेतलेली दिसत नाहीं.

परंतु दुसरी एक वाट तशीच राहिली. १८८६ च्या कायद्यानें शेतीच्या उत्पन्नास प्राप्तिकरांतून वगळलें होतें, आणि पुढें राज्यघटनेनें तो विषय प्रांतांकडे सोंपविला. शहरांतील धनिकानें शेत खरेदी करावें व दडविलेला पैसा पिकाचा म्हणून दाखवावा, ही युक्ति त्यामुळें सहज साधे. बड्या जमीनधारकांवर कर बसविण्याची एक योजना के. एन्. राज यांच्या समितीनें १९७२ सालीं मांडली होती. ती अंमलांत आणणें राज्य सरकारांच्या हातीं होतें, आणि त्यांनीं ती आणली नाहीं.