परकोटाबाहेरची वस्ती

आमच्या वऱ्हाडात गावाच्या कडेला नवी वसाहत होऊ लागली की लोक म्हणतात, 'अमक्याच्या वावरात लेआउट पडलं.' परवापर्यंत जिथे पऱ्हाटी उभी होती तिथे चुन्याच्या रेघा ओढल्या जातात, कोपऱ्यांवर दगड रोवले जातात, रस्त्याच्या तोंडाशी रंगीत पाटी लागते. मग जुन्या मोहल्ल्यात चर्चा सुरू होते. नळ आधीच रोज येत नाही, त्यात आणखी दोनशे घरे आली तर पाणी कुठून पुरणार? नाला बुजवून प्लॉट पाडले तर पावसाचे पाणी कुणाच्या घरात शिरणार? कब्रस्तानकडे जाणारी वाट नकाशात का दिसत नाही? आणि या सगळ्यानंतर कुणीतरी आवाज खाली आणून विचारतो, 'कौन लोग आनेवाले हैं?'

हे चार प्रश्न आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील जुन्या गावांचा इतिहास चाळताना मात्र एक गोष्ट ध्यानात आली. पहिले तीन प्रश्न फार जुने आहेत आणि ते विचारणारे लोक शहाणे होते. चौथा प्रश्नही जुनाच आहे, पण त्याने कुठल्याही गावाचे भले केल्याचे दिसत नाही.

सुरुवात बाळापूरपासून करू. १५९६ साली चांदबीबीने तह करून वऱ्हाड मोगलांना दिले. अकबराचा मुलगा शहजादा मुराद याने बाळापूरपासून काही कोसांवर आपला तळ ठोकला आणि तिथे शाहपूर नावाचे नवे शहर वसवले. राजपुत्राचे शहर म्हटल्यावर वाडे आले, बाजार आला, लष्कर आले. १५९९ मध्ये मुराद वारला. पुढे सत्तेचा मुक्काम हलला आणि शाहपूरचे अवशेष तेवढे राहिले. बाळापूर मात्र टिकले. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावरचे हे गाव. इथे विणकर होते, कागद करणारे कागजी होते, पुढे नक्षबंदी खानकाह झाली. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने सुरू केलेला किल्ला एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ मध्ये पुरा केला. ज्या वस्तीला पाणी होते आणि ज्या वस्तीतल्या माणसांच्या हाताला काम होते ती राहिली. नुसत्या हुकमावर उभी राहिलेली वस्ती विरून गेली. त्याच बाळापुरातील मिर्झाराजे जयसिंगाच्या छत्रीला पुराने धक्का दिला आहे. पाणी गाव जगवते, पण त्याचा मार्ग त्याला मोकळा लागतो, हेही बाळापूरच शिकवते.

पाणी आधी आणि वस्ती मागून, हा धडा त्या काळच्या जाणत्या कारभाऱ्यांना ठाऊक होता. वऱ्हाडच्या सीमेला लागून असलेल्या बुऱ्हाणपुरात खानखानान अब्दुर्रहीमच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे भूगर्भातले पाणी कुंड्यांच्या मालिकेतून शहरात आणले गेले. त्याच सुमाराला तिकडे मराठवाड्यात मलिक अंबरने खडकी वसवली आणि तिच्यासाठी नहर खोदली. हीच खडकी पुढे औरंगाबाद झाली आणि आता छत्रपती संभाजीनगर आहे. ही दोन्ही कामे करणारे आपसात लढणाऱ्या दोन बाजूंचे होते. पण नव्या वस्तीला पाणी कुठून येणार याचे उत्तर दोघांनीही आधी शोधले.

आता अमरावतीकडे येऊ. आज ज्याला आपण जुनी अमरावती म्हणतो तिच्याभोवतीच्या दगडी परकोटाचे काम निजामाच्या सरकारने १८०७ मध्ये सुरू केले. कारण उघड होते. कापसाच्या व्यापाराने पैसा आला होता आणि पेंढाऱ्यांच्या धाडी पडत होत्या. सुमारे सव्वादोन मैल घेराची, वीस ते सव्वीस फूट उंचीची ही भिंत. तिला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. अंबागेट, जवाहर गेट, नागपुरी गेट, माता खिडकी, पटेल खिडकी ही नावे आजही रिक्षावाल्याला सांगितली की पुरते. भिंतीच्या आत राहणारा तो गावातला आणि बाहेर राहणारा तो उपरा, असा हिशेब तेव्हा होता. पुढे पेंढारी संपले. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला आणि बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. मग साहेबांचे बंगले, कचेऱ्या आणि जिनिंगचे कारखाने सगळे परकोटाबाहेर गेले. पूर्वेला कॅम्प वसला. एकदोन पिढ्यांतच हिशेब उलटा झाला. बाहेरचा तो प्रतिष्ठित आणि आतला तो दाटीवाटीतला, जुन्या नाल्यांवरचा. ज्या भिंतीने एकेकाळी रक्षण केले, त्याच भिंतीने पुढे आतल्यांची वाट अडवली.

अकोल्याची गोष्ट वेगळी नाही. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाचा असदगड ख्वाजा अब्दुल लतीफने १६९७ च्या सुमारास बांधला. मोर्णेच्या पश्चिम काठाला वेशींचे जुने शहर आणि पूर्व काठाला ताजनापेठ. सरकारी इमारती आणि साहेबांची घरे पूर्वेला झाली, आणि त्या काठाचे महत्त्व वाढत गेले. आजही अकोल्यात 'जुने शहर' म्हटले की त्यात पत्त्याबरोबर थोडी कणवही मिसळलेली असते. अचलपुरात इमादशाहीची राजधानी होती, नवाबांचे वाडे होते. इंग्रजांच्या काळात हैदराबाद कंटिंजंटची छावणी शेजारी परतवाड्याला पडली. पलटण गेली, पण मेळघाटच्या लाकडाचा व्यापार आणि बाजार परतवाड्यातच राहिला. नवी वस्ती जवळ आली म्हणून जुने गाव बुडते असे नाही. रस्ते, नळ आणि दवाखाने नव्याला द्यायचे आणि जुन्याला विसरायचे असे ठरले की मग ते मागे पडते. जुन्या रहिवाशांची भीती असते ती याची. तिला अडाणीपणा म्हणून हसणे बरोबर नाही.

स्वातंत्र्यानंतर परकोटाची जागा कागदाने घेतली. शेतजमीन अकृषक झाली का, नकाशा मंजूर आहे का, सातबाऱ्यावर नाव कुणाचे, यावर माणूस गावातला की गावाबाहेरचा हे ठरू लागले. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, जमीन महसूल संहिता आणि नगररचनेचा कायदा १९६६ चे. कायदे होते, तरी गावांच्या कडेने गुंठा गुंठा जमीन विकली जात राहिली. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. हातमागावरचा कारागीर, बेकरीतला मजूर, फळविक्या, प्राथमिक शाळेचा शिक्षक यांना परवडणारी जमीन एवढीच. व्यवहार स्टॅम्प पेपरवर, हातात इसारपावती, आणि सातबाऱ्यावर मूळ मालकाचे नाव तसेच. आपल्या किती मोहल्ल्यांचा जन्म असा झाला आहे हे वाचकांना सांगायला नको. २००१ साली राज्याने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. १ जानेवारी २००१ पूर्वीच्या वस्त्यांना शुल्क भरून मान्यता मिळू लागली. २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. कागद नियमित झाला याचे समाधान मोठे होते, पण कागद नियमित झाला म्हणून आठ फुटांची गल्ली रुंद होत नाही. भारी काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत पाया न खोदता बांधलेले घर कागद पाहून तडकायचे थांबत नाही. जुलै २०२१ मध्ये अकोल्यात अतिवृष्टी झाली तेव्हा मोर्णा आणि नाल्यांच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. पाण्याने कुणाची इसारपावती पाहिली नाही आणि कुणाचा मंजूर नकाशाही पाहिला नाही.

आता त्या चौथ्या प्रश्नाकडे वळणे भाग आहे. शेजारी कोण असावा हे ठरवण्याचा हक्क आपल्या परंपरेतही होता. शुफा म्हणजे अग्रहक्क. घर विकायचे तर आधी भागीदाराला आणि शेजाऱ्याला विचारायचे. त्यामागे शेजारधर्माचा विचार होता, पण नको असलेल्या माणसाला बाहेर ठेवण्यासाठीही तो वापरता येत असे. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ शेजारी आहे एवढ्या आधारावरचा अग्रहक्क घटनेत बसत नाही असा निर्णय दिला. पुढे २००५ मध्ये त्याच न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, संस्थेचे सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी मान्य केला. लगेच २००६ च्या नोव्हेंबरात न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल आला. मुसलमानांना हव्या त्या भागात घर विकत किंवा भाड्याने मिळणे कठीण जाते ही तक्रार त्यात नोंदलेली आहे. पैसे आहेत, नोकरी आहे, पण नाव सांगितल्यावर 'प्लॉट संपले' हे उत्तर मिळते. मग तोच माणूस परत येतो आणि गावाच्या कडेला गुंठा शोधतो. म्हणजे आपल्या गुंठेवारीमागे गरिबी आहे, तशीच बंद झालेली दारेही आहेत.

हे सर्व माहीत असूनही आम्ही काय केले ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यामागे लेआउट पडले. जुम्म्याच्या नमाजनंतर माणसे बसली आणि हरकतीचा अर्ज लिहायला घेतला. पाणी, नाला, कब्रस्तानची वाट, असे मुद्दे झाले. मग एकाने सांगितले, 'लिहा, बाहेरच्या लोकांमुळे मोहल्ल्याचे वातावरण बिघडेल.' आम्ही लिहिलेही. अर्ज वाचून दाखवला तेव्हा एक वयस्क चाचा म्हणाले, 'ये जुमला मेरे बेटे के बारे में भी लिखा गया था. हूबहू यही.' त्यांच्या मुलाने शहरातल्या एका नव्या वसाहतीत घर पाहिले होते. तिथल्या रहिवाशांनीही अर्ज दिला होता. बैठकीत कुणी काही बोलले नाही. आम्ही ती ओळ खोडली. खाडाखोड दिसू नये म्हणून अर्ज पुन्हा लिहून काढला. या अर्जातले सगळे मान्य झाले नाही. नाला मोकळा राहिला, वाट अरुंद का होईना पण राहिली, पाण्याचे रडगाणे चालूच आहे. त्या लेआउटमध्ये आज निरनिराळ्या समाजांची घरे आहेत आणि उन्हाळ्यात टँकर आला की सगळे एकाच रांगेत असतात.

म्हणून वाटते, आपण हरकती घ्याव्यात, जरूर घ्याव्यात, पण योग्य त्या. गावाचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती आणि सूचनांसाठी कायद्याने मुदत दिलेली असते. ती मुदत आपल्या मोहल्ल्यांत बहुधा कळतच नाही. कब्रस्तान, शाळा, दवाखाना यांसाठी ठेवलेली जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक सूचना देऊन पुढे ते आरक्षण उठवून घेऊ शकतो, हेही कळत नाही. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती नकाशात कुठे आहे आणि जमिनीवर कुठे आहे, हे जाऊन पाहण्याचा आळस आपण करतो. पूर्णेच्या दोन्ही बाजूंचा पट्टा खारपाणाचा आहे, तिथे विहीर खोदली तरी गोड पाणी लागेल असे नाही. अकोल्याचे पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येते, अमरावतीचे अप्पर वर्ध्यातून. तेव्हा नवे लेआउट पडले की पहिला प्रश्न विचारायचा तो जलवाहिनीचा.

आपल्यातले जे जमिनीच्या धंद्यात आहेत त्यांनाही एक विनंती आहे. कच्चे लेआउट पाडणारे सगळे परके नसतात. विश्वासाने दिलेल्या पैशांच्या बदल्यात नाल्यातला प्लॉट आपल्याच माणसाच्या गळ्यात मारणारे आपल्यातही आहेत. शेजाऱ्याचा हक्क मानणाऱ्या समाजाला हे शोभत नाही.

अमरावतीच्या परकोटाच्या काही खिडक्यांतून आजही सायकली आणि रिक्षा जातात. पेंढारी कधीच गेले, भिंत राहिली. बाहेरच्या वस्तीतली मुले आत शाळेत येतात, आतली माणसे बाहेर कामाला जातात. त्यांतले कोण कुठले हे तिथे कुणी विचारत नाही. नव्या वस्तीच्या वेळीही आपण तो प्रश्न सोडून द्यावा आणि पाण्याचा, नाल्याचा, कब्रस्तानच्या वाटेचा मात्र कधी सोडू नये.