लंडनचे जीवघेणे धुरके (१९५२)

लंडनवर ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात साचून राहिलेले कोळशाच्या धुराचे दाट, आम्लयुक्त धुके. लंडनला धूर नवा नव्हता. जॉन एव्हलिनने १६६१ मध्येच ‘फ्युमिफ्यूजियम’ ही पुस्तिका लिहून दुसऱ्या चार्ल्स राजापुढे त्याचे गाऱ्हाणे मांडले होते. तरीही हिवाळ्यातले धुके आपोआप विरते, हा समज पिढ्यान्‌पिढ्या टिकला आणि तोच घातक ठरला.

त्या आठवड्यात थंडी कडाक्याची होती. चांगला कोळसा परदेशी चलनासाठी निर्यात होई, त्यामुळे घरोघरच्या फायरप्लेसमध्ये बराचसा हलक्या प्रतीचा, गंधकयुक्त कोळसा जळत होता. बॅटरसीसारख्या वीजकेंद्रांचा धूर त्यात मिसळला. शहरावर प्रत्यावर्त (हवेच्या जास्त दाबाचे क्षेत्र) स्थिरावल्याने वारा पडला होता. वर उबदार व खाली थंड हवा, अशा तापमानाच्या विपरीततेमुळे धूर वर जाईना. धुक्याच्या थेंबांत सल्फर डाय-ऑक्साइड विरघळून सल्फ्युरिक आम्ल तयार झाले आणि श्वासागणिक फुप्फुसांत उतरले.

काही भागांत चालणाऱ्याला स्वतःचे पाय दिसत नव्हते. बसपुढे कंडक्टर बत्ती घेऊन चालत. पुढे बस बंदच पडल्या. धुके नाट्यगृहात शिरल्याने सॅडलर्स वेल्समधील ‘ला त्राव्हियाता’ या ऑपेराचा प्रयोग अर्ध्यावर थांबवावा लागला. अर्ल्स कोर्टच्या पशुप्रदर्शनात आणलेली जनावरे दगावली. माणसे मात्र घरात, अंथरुणावर मरत होती. त्यांत वृद्ध, तान्ही मुले आणि छातीचे जुने रोगी अधिक होते. शवपेट्या व फुले अपुरी पडू लागली, तेव्हा कुठे अनर्थाचा अंदाज आला.

सुरुवातीला सुमारे ४,००० बळी मोजले गेले. मृत्यूचे वाढीव प्रमाण पुढेही काही महिने टिकले. सरकारने त्याचे खापर इन्फ्ल्यूएंझावर फोडले. ही पळवाट होती, असेच म्हणावे लागते. नंतरच्या संशोधकांनी बळींची संख्या सुमारे १२,००० धरली आहे.

टाळाटाळीनंतर १९५३ मध्ये सर ह्यू बीव्हर यांची समिती नेमण्यात आली आणि तिच्या शिफारशींवरून १९५६ चा स्वच्छ हवा कायदा झाला. कारखान्यांबरोबर घरच्या धुरालाही त्याने हात घातला. धूर-नियंत्रित क्षेत्रे आखून तेथे धूररहित इंधन सक्तीचे केले. जुन्या फायरप्लेस बदलण्यासाठी अनुदान ठेवले. अंमलबजावणी रेंगाळली. डिसेंबर १९६२ मध्ये लंडनवर पुन्हा धुरके उतरले आणि आणखी शेकडो माणसे दगावली.