तांड्याची कुळकथा कोणी लिहिली?

वाळवंटातून आलेली लुटारू टोळी कादंबरीत शोभते. उमरखेड-पुसदकडच्या बंजारा तांड्यांबाबत मात्र ती सरकारी कागदावर उतरली. बंजाऱ्यांचे मूळ मारवाडाकडचे, याबद्दल वाद नाही. गोरमाटी बोली राजस्थानी कुळातली, राठोड, पवार, चव्हाण ही नावेही तिकडचीच. वाद आहे तो या उगमाला चिकटवलेल्या ‘जात्याच लुटारू’ या शेपटीबद्दल. रसेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या आपल्या १९१६च्या ग्रंथात मुख्यतः ज्याच्यावर भिस्त ठेवली, तो बंजाऱ्यांवरचा निबंध वऱ्हाड पोलिसांतल्या कंबरलेजचा. रसेलचा आणखी एक आधार, गुंथॉर्पचे पुस्तक, तर गुन्हेगार जमातींवरच लिहिलेले. फौजदाराने कुळकथा लिहायला घेतली की कुळात चोर निघायचाच.

लुटारूला वेग लागतो. पेंढारी घोड्यावरून येत आणि सामानसुमान मागे ठेवत. तांडा निघे तो बायकापोरांसह, गोणी लादलेल्या बैलांच्या चालीने. १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रजाला आग्रा-पाटणा वाटेवर धान्य लादलेले चौदा हजार बैल एका तांड्यात भेटले. एवढा माल घेऊन रांगत चाललेला माणूस दरोडा घालणार, की दरोड्याला भिणार? शहाजहानच्या दख्खन मोहिमेत भंगी-जंगी या बंजारा नाइकांना मिळालेल्या ताम्रपटाची कथा सांगतात: लोकांच्या रांजणातले पाणी घ्या, छपराचे गवत बैलांना घाला, दिवसाला तीन खून माफ. ती अक्षरशः खरी मानायची गरज नाही. पण खुद्द या कथेतही दांडगाईची मुभा देते ती बादशाही, वाळवंट नव्हे. आणि देते ती छावणीला रसद पोचावी म्हणून. १८०३ मध्ये अडगाव, गाविलगडावर चालून येणाऱ्या इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेलाही बंजाऱ्यांच्याच बैलांनी धान्य पुरवले. चोरांच्या हाती कोणता सेनापती आपली शिधासामग्री देईल?

यावर आक्षेप येतो की एकोणिसाव्या शतकातल्या दरोड्यांच्या, गुरेचोरीच्या नोंदी काही खोट्या नाहीत. सगळ्या नसतीलही. पण त्यांचा काळ पाहा. १८१८ नंतर दख्खनच्या मोठ्या लढाया संपल्या, रसदीचे गिऱ्हाईक गेले. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि मीठ, धान्य वाघिणींत चढले. पुढे राखीव जंगलांनी चराईही आवळली. धंदा बुडालेल्यांतल्या काहींनी वाकडी वाट धरली. तिला रक्ताचा गुण ठरवण्याची सोय १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने करून दिली. तो १९११ मध्ये देशभर लागू करता येण्याजोगा झाला आणि १९५२ मध्ये रद्द झाला. पुसदजवळच्या गहुली तांड्यातले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, हे उत्तर म्हणून नेहमी पुढे केले जाते. मला ते कच्चे वाटते, कारण एका कर्तबगार माणसाने जमातीचा इतिहास सिद्ध होत नाही. त्यापेक्षा ‘तांडा’ हा शब्दच भक्कम साक्षीदार आहे: पूर्वी तो चालत्या बैलांचा होता, आता पैनगंगेच्या खोऱ्यात तो नांगर धरलेल्या वस्त्यांना लावतात.