मौन म्हणजे परवानगी?

लहान शहरात घर बांधणाऱ्या कुणालाही विचारा, तो सिमेंटच्या भावाआधी नगरपालिकेतल्या खेट्यांबद्दल बोलेल. ‘परवानगी काढणं’ हा शब्दच इतका रुळलाय की आपण कायम मागणारेच होतो असं वाटतं. जुने कायदे चाळताना मात्र मला वेगळंच चित्र दिसलं.

1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात घर बांधणाऱ्यानं अर्ज नाही, ‘नोटीस’ द्यायची आहे. मी बांधतोय, हरकत असेल तर सांगा! तीस दिवसांत आयुक्तांनी नापसंती कळवली नाही, तर कामाला लागायचं. मुंबईत बिल्डर ज्या ‘आयओडी’साठी धावपळ करत आले, त्या कागदाचं मूळ नावच मुळी ‘नापसंतीची सूचना’ असं आहे. 1896 च्या प्लेगनंतर उजेड, हवा, गटारं यांकडे सरकारचं लक्ष जास्तच गेलं. 1901 च्या जिल्हा नगरपालिका कायद्यातही गावोगावच्या लोकांनी नव्या घराची नोटीसच द्यायची होती.

पुढे 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आला. आता नोटीस गेली, अर्ज आला. पण जुन्या विचाराचा एक धागा कलम 45 मध्ये शिल्लक राहिला. साठ दिवसांत उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाली असं मानायचं. अट एवढीच की बांधकाम नियमात बसलं पाहिजे.

वाचायला किती छान! प्रत्यक्षात काय होतं ते आमच्या एका काकांच्या फाइलनं दाखवलं. अठ्ठावन्नाव्या दिवशी पत्र आलं: मोजणीचा नकाशा जोडावा. कायद्याप्रमाणे त्रुटीची पूर्तता केल्यापासून पुन्हा साठ दिवस मोजायचे. काकांनी नकाशा दिला, तर आणखी एक पत्र. शेवटी साठ दिवस सरले, तेव्हा बँकेच्या साहेबांनी विचारलं, "काका, परवानगीचा कागद कुठाय?" मौनावर शिक्का थोडाच असतो! कर्जाचा हप्ता अडला आणि भाड्याच्या घरात आणखी एक पावसाळा गेला.

ज्यांना हे झेपलं नाही त्यांनी गुंठा-दोन गुंठे घेऊन विनापरवाना घरं बांधली. ती इतकी झाली की 2001 मध्ये सरकारला गुंठेवारीचा कायदा करून ती नियमित करायची सोय करावी लागली. सगळेच काही कायदा मोडायला निघालेले नव्हते. बरेचसे नुसते थकलेले होते.

2020 च्या डिसेंबरात मुंबई आणि काही क्षेत्रं वगळून राज्यभर एकत्रित नियमावली लागू झाली. तिच्यात 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवानाधारक वास्तुविशारदानं किंवा अभियंत्यानं नकाशा दाखल करायचा, शुल्क भरायचं. पावती हीच परवानगी. म्हणजे फिरून आपण जवळजवळ नोटिशीपाशीच आलो की!

फरक एकच, पण मोलाचा. आता हातात पावती असते, आणि बँकेला दाखवता येईल असा कागद असतो. नागरिकावर विश्वास ठेवायचा, हे कायद्याला 1888 मध्येच सुचलं होतं. त्या विश्वासाची पोच द्यायला मात्र सव्वाशेहून जास्त वर्षं लागली. असो. ज्यांचे भूखंड 151 चौरस मीटरचे आहेत, त्यांना शुभेच्छा!