लाकूडमापन, ओल्या लाकडाचे
नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या घनफळावरून त्याचे वजन किंवा वजनावरून घनफळ काढण्याची रीत. इमारती लाकूड घनफळावर आणि जळाऊ लाकूड वजनावर विकण्याचा प्रघात असल्याने या रूपांतराची गरज पडते. ओल्या लाकडाच्या बाबतीत त्यासाठी एकच कायम गुणक वापरता येत नाही.

जुनी परिमाणे या बाबतीत संदिग्ध होती. २० मणांची खंडी ही धान्याचे माप म्हणूनही वापरली जाई व वजन म्हणूनही. ब्रह्मदेशातील सागाच्या व्यापारात ‘टन’ म्हणजे ५० घनफूट (सु. १·४२ घ. मी.) लाकूड समजत. ओला साग पाण्यात बुडत असल्याने तेथे उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल व रसकाष्ठ छेदून झाड दोनतीन वर्षे जागीच वाळवीत आणि नंतर ओंडके नदीतून वाहून नेत. एवढ्या घनफळाच्या पूर्ण वाळलेल्या सागाचे वजन एका टनाहून थोडे कमी, तर ओल्याचे त्याहून बरेच अधिक भरते.

गोल ओंडका मोजण्याची घेर-चतुर्थांश रीत ब्रिटिश अमदानीत भारतात रूढ झाली. तिची कोष्टके एडवर्ड हॉपस या इंग्रजाने १७३६ मध्ये प्रसिद्ध केली होती. मधल्या घेराच्या चतुर्थांशाचा वर्ग करून त्यास लांबीने गुणतात. चिराईतील तूट गृहीत धरणारे हे घनफळ प्रत्यक्षाच्या सु. ७८·५ टक्केच असते. म्हणून वजन काढण्यास ते उपयोगी नाही.

लाकडातील जलांश त्याच्या शुष्क वजनाच्या टक्केवारीत सांगतात. त्यामुळे तो १०० टक्क्यांहून अधिकही असू शकतो. शुष्क वजनास ओल्या घनफळाने भागले असता मूल घनता मिळते. ४ मी. लांब व १·२ मी. घेराच्या ओंडक्याचे प्रत्यक्ष घनफळ ०·४५८ घ. मी., तर घेर-चतुर्थांश रीतीने ०·३६ घ. मी. येते. मूल घनता ६०० किग्रॅ./घ. मी. व जलांश ७० टक्के धरल्यास त्याचे वजन सु. ४६८ किग्रॅ. भरते, जलांश १२ टक्क्यांवर आला की ते सु. ३०८ किग्रॅ. राहते. जलांश सु. ३० टक्क्यांपर्यंत उतरेतो वजन घटते, पण घनफळ जवळजवळ तेवढेच राहते. त्यानंतर लाकूड आकसू लागते.

नांदेड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच वर्षी किनवटचा सागवनांचा प्रदेश आदिलाबादमधून या जिल्ह्यात आला. जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील बिलोली तालुक्यात असे दाट वन नाही. तेथे बाभूळ, लिंब, चिंच, आंबा ही बांधावरची व गावठाणातील झाडेच प्रामुख्याने लाकूड पुरवितात. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि मणाच्या जागी किलोग्रॅम आला; परंतु लाकडातील पाण्याचा प्रश्न परिमाण बदलून सुटण्यासारखा नव्हता.

या फरकाचा भार व्यवहारातील कोणा एकावर पडतोच. ओले लाकूड वजनावर घेणाऱ्यास पाण्याचे मोल द्यावे लागते; वाळल्यावर विकणाऱ्यास तेवढ्याच लाकडाचे कमी दाम मिळतात. सुक्या लाकडाच्या गुणकाने ओल्या ओंडक्यांचे वजन ठरविल्यास बैलांवर जादा भार पडतो आणि वजनावर मजुरी घेणाऱ्या हमालाचे नुकसान होते. म्हणून घनफळ किंवा वजन नोंदविताना लाकडाची जात, तोडीचा दिवस, मोजणीची रीत आणि साल धरली की वगळली, यांचीही नोंद ठेवणे आवश्यक ठरते.